लेबाँगचं रेसकोर्स कुणी पाहिलंय का? (दार्जिलिंगच्या खालचं)

उतारावरचा | शुक्रवार, रात्री ९.४०

मंडळी,

गेल्या महिन्यात दार्जिलिंगला जाऊन आलो. टायगर हिल, बतासिया, टॉय ट्रेन सगळं यथासांग झालं. त्यावर इथे पन्नास धागे आहेत, मी एक्कावन्नावा काढत नाही. मला जायचं होतं ते लेबाँगला.

वडील सैन्यात होते. सत्तरच्या दशकात काही महिने त्यांचं पोस्टिंग लेबाँगला होतं. घरी पाहुणे आले की त्यांचा एक ठरलेला किस्सा असायचा. "आमच्या परेड ग्राउंडवर घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. मैदान एवढंसं की पहिला घोडा शेवटच्याच्या मागे लागलाय असं वाटायचं. कोण जिंकतंय ते घोड्यालाही कळत नसे." पाहुणे हसायचे, आई आत निघून जायची. आम्ही भावंडं मोठी झाल्यावर 'बाबांच्या थापा' या सदरात तो किस्सा टाकून मोकळे झालो. ते गेल्यानंतर कधीतरी सहज शोधलं, तर रेसकोर्स खरंच होतं! १८८५ पासूनचं, आणि 'जगातलं सर्वात लहान आणि सर्वात उंच रेसकोर्स' अशी त्याची ख्याती.

चौरस्त्यावरून भुतिया बस्तीच्या बाजूनं खाली उतरलो. दार्जिलिंग सात हजार फुटांच्या आसपास, लेबाँग सहा हजारांच्या जरा खाली. म्हणजे उतरताना हजारेक फूट गुडघ्यांवर. (माझ्या नावावर जाऊ नका, चढाचं मला काही वाटत नाही, उतार मारतो.) एका बाजूला चहाचे मळे, समोर ढग नसतील तर कांचनजंगा. मला ढगच मिळाले.

लेबाँग म्हणजे डोंगराची खाली उतरलेली एक सोंड. लेपचा भाषेत मूळ नाव 'अली-बाँग', अली म्हणजे जीभ. वरून पाहिलं की पटतं, डोंगरानं जीभ बाहेर काढल्यासारखाच आकार आहे. त्या जिभेवर तेवढाच एक सपाट तुकडा. दार्जिलिंगमध्ये सपाट जमीन म्हणजे कोकणात बर्फ. त्यामुळे इंग्रजांनी छावणीसाठी ती हेरली, त्यावर कवायतीचं मैदान केलं, आणि साहेब लोक आले की त्यांना जे लागतं ते सगळं ओघानं आलं. क्लब, चर्च, दफनभूमी आणि घोडे. पुढे दार्जिलिंगचा जिमखाना क्लब इथल्या शर्यती भरवायचा.

घोडे म्हणजे तुमचे महालक्ष्मीचे उंच, चकचकीत, नाकात वारं भरलेले घोडे नव्हेत. डोंगरातली भुतिया आणि तिबेटी तट्टं. आखूड पाय, रुंद छाती, कपाळावर झिपऱ्या. आठवडाभर ओझी वाहायची आणि शर्यतीच्या दिवशी पळायचं.

आज तिथे काय आहे? कुंपण आणि पहारेकरी. मैदान आहे, हिरवंगार आहे, लंबगोल आकारही अजून ओळखू येतो, पण आत जाता येत नाही. गेटवरच्या जवानाला म्हटलं, माझे वडील इथे होते. तो अदबीनं म्हणाला, "सर, परमिशन लगेगी," आणि फोटोही नको म्हणाला. वरच्या रस्त्याला येऊन एका टपरीवर चहा घेतला. चालवणाऱ्या आजींना घोड्यांचं विचारलं. त्या हसल्या. "पहिला हुन्थ्यो, अहिले हुँदैन." पूर्वी व्हायचं, आता नाही. एवढं बोलून त्या भांडी घासायला लागल्या.

ऐंशीच्या दशकात शर्यती थांबल्या त्या थांबल्याच. त्या तट्टांचे वंशज म्हणायचे तर चौरस्त्यावर आहेत, पर्यटकांच्या पोरांना पाठीवर घेऊन गोल गोल फिरतात.

कुणी पाहिलंय का हे मैदान? आणि तुमच्या गावचं असं गायब झालेलं रेसकोर्स आहे का?

---

खडीसाखर | शुक्रवार, रात्री १०.०५

छान लिहिलंय. आम्ही दार्जिलिंगला तीन दिवस होतो, ड्रायव्हरनं लेबाँगचं नावही काढलं नाही. 'सेव्हन पॉइंट' करून सोडलं.

---

तिसरी_घंटा | शुक्रवार, रात्री १०.३१

हेच ना ते मैदान जिथे गव्हर्नर अँडरसनवर गोळ्या झाडल्या होत्या?

---

उतारावरचा | शुक्रवार, रात्री १०.३८

हो, हेच. त्यावर मी मुद्दामच लिहिलं नाही, मला तपशील नीट माहीत नाहीत. तुम्ही लिहा.

---

तिसरी_घंटा | शुक्रवार, रात्री ११.५०

लिहितो. मोबाइलवर टाइप करतोय, शुद्धलेखनवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

८ मे १९३४. सर जॉन अँडरसन तेव्हा बंगालचे गव्हर्नर. बंगाल सरकार उन्हाळ्यात दार्जिलिंगला मुक्काम हलवायचं, त्यामुळे साहेब लेबाँगच्या शर्यतींना आलेले. गर्दीत भवानीप्रसाद भट्टाचार्य आणि रवींद्रनाथ बॅनर्जी हे दोन तरुण होते. 'बेंगॉल व्हॉलंटिअर्स' या क्रांतिकारी गटाचे. त्यांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. अँडरसन बचावले. एक जमीनदार आणि एक इंग्रज अधिकारी यांनी हल्लेखोरांवर झडप घातली, त्या दोघांना सरकारनं एम्पायर गॅलंट्री मेडल दिलं.

कटातली माझ्या दृष्टीनं सर्वात लक्षात राहणारी व्यक्ती म्हणजे उज्ज्वला मजुमदार. पिस्तुलं दार्जिलिंगपर्यंत पोचवायची कशी? तर हार्मोनियममध्ये लपवून. पेटी घेऊन थंड हवेच्या ठिकाणी निघालेली गाणारी मुलगी, कोण झडती घेणार? तिला मोठी शिक्षा झाली, पुढे कमी होऊन चौदा वर्षांवर आली आणि १९३९ मध्ये ती सुटली. भवानीप्रसादला मात्र फाशी. ३ फेब्रुवारी १९३५, राजशाहीचा तुरुंग. तो आता बांगलादेशात आहे.

अँडरसनची बंगालला नेमणूकही उगाच नव्हती. १९२० ते २२ हा माणूस डब्लिनला होता, आयर्लंडचं बंड ऐन भरात असताना. तो अनुभव घेऊनच त्याला १९३२ मध्ये इकडे धाडला. आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी इंग्लंडमध्ये घरोघरी परसात पत्र्याचे निवारे पुरले होते, ते 'अँडरसन शेल्टर' याच माणसाच्या नावाचे. लेबाँगला नेम लागला असता तर त्या निवाऱ्यांना वेगळं नाव पडलं असतं.

आपल्याकडचं उदाहरण त्याच्या तीनच वर्षं आधीचं. २२ जुलै १९३१, फर्ग्युसन कॉलेजचं ग्रंथालय, हंगामी गव्हर्नर हॉटसन आणि वासुदेव बळवंत गोगटे. तिथेही गोळी जवळून, तिथेही साहेब वाचला. गव्हर्नर लोक चिवट असत.

---

खडीसाखर | शनिवार, सकाळी ७.१५

बाप रे. हार्मोनियमचं माहीतच नव्हतं. आता आमच्या क्लासमधल्या पेटीकडे बघताना वेगळंच वाटणार.

---

कुमैत | शनिवार, सकाळी ९.२२

धागाकर्त्याचं लेखन आवडलं, पण एक दुरुस्ती. 'जगातलं सर्वात उंच' हे साफ चूक आहे, आणि सगळे एकमेकांचं बघून छापतात.

लेबाँगची उंची सहा हजार फुटांच्या खाली, तुम्हीच लिहिलंय. उटीचं रेसकोर्स सात हजारांच्या वर, साधारण सव्वासात हजार. तिथे १८८६ पासून शर्यती व्हायच्या, म्हणजे लेबाँगच्या पाठोपाठच्या वर्षापासून. अख्खं जग राहू द्या, भारतातसुद्धा लेबाँगच्या आधी उटीचा नंबर लागतो. मेक्सिको सिटीचं रेसकोर्सही याहून उंचावर आहे. तिबेटकडे लितांगला चार हजार मीटरवर घोडे पळवतात, पण ती जत्रा, रेसकोर्स नव्हे, म्हणून ती सोडली.

'सर्वात लहान' मात्र मान्य. फेरा अर्ध्या किलोमीटरच्याही आत असेल तर लहानच म्हणायचं. महालक्ष्मीचा फेरा २४०० मीटर आहे, त्यात लेबाँगचे पाच बसतात.

---

उतारावरचा | शनिवार, सकाळी ९.४०

कुमैत, मान्य. उटी लक्षातच आलं नाही. दार्जिलिंगच्या लोकांना सांगायची हिंमत मात्र तुम्हीच करा.

---

नेरळकर | शनिवार, सकाळी १०.५८

आमच्याकडे माथेरानला ऑलिम्पिया आहे ना. पेमास्टर पार्कच्या बाजूला. तेही साहेब लोकांनीच केलेलं, नाव अजून 'ऑलिम्पिया रेसकोर्स'च. लाल मातीचं मैदान, भोवती झाडं. सीझनमध्ये शर्यती भरायच्या, त्यात आमचेच घोडेवाले आपापले घोडे पळवायचे. लहानपणी आम्ही नेरळहून चालत वर जायचो बघायला. ट्रेनचे पैसे वाचवून भजी खायचो.

फरक असा की माथेरानला घोडा ही हौस नाही. गाडीला बंदी, २००३ पासून तर सगळा डोंगर इको-सेन्सिटिव्ह. घोड्यावरून माणूस जातो, घोड्यावरून सिलिंडर जातो, घोड्यावरून विटा जातात. दस्तुरी नाक्यावर उभं राहा, तासाभरात अख्खा संसार घोड्यावरून जाताना दिसेल. आता ई-रिक्षा आल्यात, तेव्हापासून घोडेवाल्यांच्या पोटात गोळा आहे. हातरिक्षा ओढणाऱ्यांचे हाल बघवत नव्हते, म्हणून ई-रिक्षा हवीच होती. पण घोडेवाल्याचं म्हणणंही ऐकायला हवं. दोन्ही बाजूंची घरं माझ्या ओळखीची आहेत, त्यामुळे मी भांडणात पडत नाही.

---

भेळभत्ता | शनिवार, सकाळी ११.१०

कोल्हापुरात 'रेसकोर्स नाका' आहे. रिक्षावाल्याला सांगितलं की बरोबर सोडतो. घोडा विचारला तर टांग्याचा दाखवतो.

---

बडोदेकर_मंडळ | शनिवार, दुपारी १२.३०

बडोद्यात रेसकोर्स रोड, रेसकोर्स सर्कल. दुकानं, बँका, दवाखाने. मी चाळीस वर्षं 'रेसकोर्सला जाऊन येतो' म्हणतोय आणि घोडा एकदाही पाहिला नाही. राजकोटलाही तसंच, तिथे रेसकोर्सभोवतीच्या रिंगरोडवर लोक संध्याकाळी फिरतात, आता पळतात ती माणसं.

पण घोड्यांच्या बाबतीत बडोदा नुसत्या नावावर जगत नव्हतं हो. इंडियन डर्बी १९४३ मध्ये सुरू झाली, पहिलीच जिंकणारी घोडी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' बडोद्याच्या महाराजांची. प्रतापसिंहरावांनी इंग्लंडात एक शिंगरू २८ हजार गिनींना घेतलं, तेव्हा तो विक्रम होता. त्याचं नाव ठेवलं 'सयाजीराव'. आणि त्या सयाजीरावानं १९४७ ची सेंट लेजर जिंकली. ज्या वर्षी इंग्रज इथून गेले त्या वर्षी त्यांच्या सर्वात जुन्या मोठ्या शर्यतीत एक सयाजीराव पहिला आला, ही गोष्ट मी दर पाहुण्याला सांगतो. आमच्याकडेही सौ. आत निघून जातात.

---

सातबारा | शनिवार, दुपारी ३.०५

सगळं वाचलं. मी महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे कुठलीही गोष्ट नाहीशी झाली म्हटलं की मी आधी विचारतो, जमीन कुणाच्या नावावर होती?

तुम्ही सगळे घोड्यांबद्दल बोलताय. घोडा मालकाचा असतो. जॉकीची टोपी जॉकीची असते. जमीन कुणाची? एकेक बघा.

लेबाँग, सैन्याची. पुण्याचं रेसकोर्स १८३० पासूनचं, जमीन सैन्याची. महालक्ष्मी, पालिका आणि सरकार यांची, भाडेपट्ट्यानं, १९१४ ते २०१३, नव्व्याण्णव वर्षं. पट्टा संपला आणि अकरा वर्षं घासाघीस चालली. २०२४ मध्ये ठरलं की २११ एकरांतले १२० एकर पालिकेच्या उद्यानाला, ९१ एकर क्लबकडे. उटी, सरकारची. ५२ एकर, थकबाकीचा आकडा सरकारनं काढला ८२२ कोटी, आणि २०२४ मध्ये जागा ताब्यात घेतली. म्हणजे कुमैत यांनी ज्याला पहिला नंबर दिला तेही गेलं. आता तिथे बाग होणार म्हणतात. सिमल्याचं अनाडेल, एकेकाळी तिथेही घोडे पळायचे, फुटबॉलचा ड्युरंड कप १८८८ मध्ये तिथेच सुरू झाला. १९४१ मध्ये युद्धासाठी सैन्यानं घेतलं, पट्टा १९८२ मध्ये संपला, राज्य सरकार मागत राहिलं आणि सैन्य सोडेना.

दोनशे वर्षं हा खेळ उसन्या जागेवर चाललाय. मैदानाला कुंपण रेसक्लबचं, स्टँड रेसक्लबचा, खालची माती दुसऱ्याची. जोवर साहेबच क्लबचा मेंबर आणि साहेबच छावणीचा अधिकारी, तोवर हे कुणाला जाणवलं नाही. सकाळी परेड, दुपारी रेस, दोन्हीकडे तोच माणूस.

जाता जाता, छावणीत माझं हे टोपणनाव चालत नाही. तिथे सातबारा नसतो, जीएलआर असतो, जनरल लँड रजिस्टर. तिथले बंगले 'ओल्ड ग्रँट'चे. भिंती तुमच्या, जमीन सरकारची. कॅम्पातल्या कुणालाही विचारा, डोळ्यात पाणी येईल.

---

कॅम्पातली | शनिवार, दुपारी ३.४०

आलं पाणी. 😐 आमच्या आजोबांच्या बंगल्याचं छप्पर बदलायला परवानगी मिळेपर्यंत दोन पावसाळे गेले.

पुण्याच्या रेसकोर्सबद्दल मात्र एक. ते गायब झालेलं नाही. पावसाळा लागला की मुंबईचे घोडे इकडे येतात, जुलैपासून दिवाळीच्या आधीपर्यंत इथल्या शर्यती. पहाटे रेसकोर्सच्या कडेनं चालायला गेलं की धुक्यातून आधी टापांचा आवाज येतो, मग नाकातली वाफ, मग घोडा. मोतद्दार पाठीवर घोंगडी टाकून त्यांना चालवत नेतात. मी आयुष्यात एक रुपया लावलेला नाही, पण ते बंद झालं तर मला चुकल्यासारखं होईल.

---

उतारावरचा | शनिवार, संध्याकाळी ५.१५

सातबारा, मुद्दा जोरदार आहे, पण लेबाँगला तो तसाच्या तसा लागू होत नाही असं मला वाटतं. तिथे १८८५ पासून जमीन सैन्याचीच होती आणि तरी शंभरेक वर्षं शर्यती झाल्या. स्वातंत्र्यानंतरही झाल्या. बंद पडल्या त्या ऐंशीच्या दशकात. त्याच सुमाराला गोरखालँडचं आंदोलन पेटलं. १९८६ ते ८८ दार्जिलिंगमध्ये बंद, जाळपोळ, गोळीबार. पर्यटक नाहीत, चहामळ्यांचे साहेब केव्हाच गेलेले, मग घोड्यांवर पैसे लावणार कोण?

---

सातबारा | शनिवार, संध्याकाळी ६.०२

आंदोलन १९८८ मध्ये मिटलं. हिल काउन्सिल आली. पर्यटक परत आले, टॉय ट्रेन परत सुरू झाली, चौरस्त्यावर घोडे परत आले. रेस का नाही आली? सगळं थांबलं होतं, पण परत काय काय सुरू झालं त्याची यादी करा. ज्याची जागा स्वतःची होती ते सुरू झालं.

---

धुरळा | शनिवार, संध्याकाळी ६.३०

सातबारांना अनुमोदन. आमच्याकडचे बैलगाडा घाट बघा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. सात वर्षांत घाटावर गवत वाढलं, पण घाट जागेवरच. गावाचा घाट, यात्रा गावाची, देव गावाचा. परवानगी आल्यावर जेसीबी लावून माती सारखी केली आणि भिर्रर्र! आमचं मैदान कुणाच्या बापाला परत मागता आलं नसतं.

---

खडीसाखर | शनिवार, संध्याकाळी ६.५५

बैलांना विचारलं का?

---

धुरळा | शनिवार, संध्याकाळी ७.०१

आला का मुद्दा. ताई, आमच्या दारात येऊन बघा, बैल आमच्याआधी जेवतो.

---

खडीसाखर | शनिवार, संध्याकाळी ७.०४

शर्यतीत शेवटचा आलेलाही?

---

बडोदेकर_मंडळ | शनिवार, संध्याकाळी ७.२०

बैलांचा वेगळा धागा काढावा ही विनंती, इथे घोडे बिथरतील.

सातबारा साहेब, तुमच्या सिद्धांताला आमचं बडोदं अडचणीचं आहे. संस्थानात जमिनीचा मालक, घोड्यांचा मालक आणि शर्यतीचा शौकीन एकच, तरी रेसकोर्सची उरली ती नुसती पाटी. उसनी जागा गेली हे कळतं. घरचीच कशी गेली?

---

सातबारा | शनिवार, रात्री ८.१०

बडोदेकर, पकडलंत. उत्तर असं देतो. संस्थानात जमीन घरची होती हे खरं, पण घरच उसनं निघालं.

---

कुमैत | शनिवार, रात्री ८.४५

वाहवा. पण हे उत्तर नव्हे, शेर झाला.

मला वाटतं, एक गोष्ट सगळेच विसरताय, ती म्हणजे तट्टू. महालक्ष्मीला पळतो तो थरोब्रेड. त्याची वंशावळ छापलेली, त्याच्यावर लाखो खर्च, एसी व्हॅनमधून प्रवास. त्याच्यामागे पैसा उभा आहे, म्हणून कोर्टात वकील उभा राहतो. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं घोड्यांची शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, तो मद्रासच्या क्लबच्या प्रकरणात. लेबाँगच्या तट्टासाठी कोण कोर्टात जाणार? त्याचा मालक भाडं मारणारा घोडेवाला. रेस बंद पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पोतं लादलं आणि कामाला लागला.

आणि तट्टू म्हणून नाक मुरडू नका. भुतिया ही आपल्या देशातल्या घोड्यांच्या नोंदणीकृत आठ जातींपैकी एक. त्या आठांत अगदी अलीकडे भर पडली ती आपल्या भीमथडीची. ज्या तट्टावर बसून मराठे अटकेपर्यंत गेले त्याला सरकारदरबारी जात म्हणून मान्यता मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. लेबाँगला भुतियाऐवजी भीमथडी असती तर… असो, मराठी माणसानं तिथेही दुसरा गट काढला असता.

---

तिसरी_घंटा | शनिवार, रात्री ९.१५

मुंबईकरांनी अजून तोंड उघडलं नाही म्हणून मीच लिहितो. महालक्ष्मीच्या आधी रेस भायखळ्याला व्हायची. १८८३ मध्ये महालक्ष्मीला हलली. भायखळा तेव्हा मोकळं, साहेबांच्या बंगल्यांचं. नंतर गिरण्या आल्या, चाळी आल्या. आज नागपाड्याच्या गर्दीत उभं राहून 'इथून घोडे पळायचे' म्हटलं तर लोक तुमच्याकडे बघतील. लेबाँगला निदान मैदानाचा आकार तरी राहिलाय. गोल रस्ता दिसला की समजावं, इथे काहीतरी धावत होतं.

---

गोल्फमैदान | रविवार, सकाळी ८.००

बेळगावहून. आमच्याकडे रेसकोर्स म्हटलं की हल्ली लोकांना एकच आठवतं, बिबट्या. ऑगस्ट २०२२. गोल्फ मैदान आणि रेसकोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला, बावीस शाळांना सुट्टी, शोधायला हत्ती आणले. आमच्या शाळेतल्या पोरांनी बिबट्याचे आभार मानले. सापडला नाही तो. रेसकोर्सवर शेवटचा वेगानं पळालेला प्राणी तोच.

---

उतारावरचा | रविवार, सकाळी ९.३०

😄 गोल्फमैदान, हा प्रतिसाद आमच्या घरी मोठ्यानं वाचला गेला.

---

गणपुले_नव्हे | रविवार, सकाळी ११.४५

मी इथे फक्त वाचतो, पण धागाकर्त्याच्या वडिलांच्या वाक्यानं झोप लागली नाही. 'पहिला घोडा शेवटच्याच्या मागे लागलाय असं वाटायचं.' ही थाप आहे की नाही, हे मोजता येतं.

मैदानाचा फेरा साडेचारशे मीटर धरू. शर्यत तीन फेऱ्यांची धरू, म्हणजे १३५० मीटर. चांगलं तट्टू ताशी ४० किलोमीटरनं पळालं, म्हणजे सेकंदाला ११ मीटर, तर दोन मिनिटांत शर्यत खलास. लंबगोलावर पुढचा घोडा अर्धा फेरा पुढे गेला की बघणाऱ्याला कोण कुणाच्या मागे ते कळणारच नाही, दोघं समोरासमोरच्या बाजूंना. अर्धा फेरा म्हणजे सव्वादोनशे मीटर. त्यासाठी शेवटच्या घोड्याचा वेग ताशी फक्त ३३ असायला हवा. ४० आणि ३३! आठवडाभर ओझी वाहिलेल्या तट्टांत एवढा फरक अगदी सहज पडेल. एखादं मध्येच गवत खायला थांबलं तर विचारूच नका.

महालक्ष्मीला हे अशक्य आहे. २४०० च्या फेऱ्यावर अर्धा फेरा म्हणजे बाराशे मीटर, तेवढा मागे पडला तर घोडा नव्हे, मालक बदलतात. हे फक्त लेबाँगसारख्या ठिकाणीच होऊ शकतं. तेव्हा माझ्या मते वडील खरं बोलत होते.

---

कॅम्पातली | रविवार, दुपारी १२.०५

गणपुले_नव्हे, तुम्ही रोज लिहीत जा.

---

सातबारा | रविवार, दुपारी १२.४०

हिशोब तपासला. बरोबर आहे.

---

उतारावरचा | रविवार, रात्री ९.२०

गणपुले_नव्हे यांचा प्रतिसाद दुपारी आईला फोनवर वाचून दाखवला. म्हटलं, बघ, इतकी वर्षं आपण बाबांना हसलो, गणितानं ते खरे ठरले.

ती म्हणाली, "हो रे, खरंच असणार. पण ते त्यांचं नव्हे, त्यांच्या सुभेदारसाहेबांचं वाक्य. ह्यांची ड्यूटी रेसच्या दिवशी गेटवर असायची, पाठ मैदानाकडे. नुसता आरडाओरडा ऐकू यायचा. मला पत्रात लिहिलं होतं तसं."

पत्र आहे का विचारलं. शोधते म्हणाली.